स्टीव्हन्स फेव्हरिट .२२ : दुरुस्तीच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

रायफल आली. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या पणजोबांची. तळघरात जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून पडली होती. त्याला ती भिंतीवर टांगायची नाही, चालवायची आहे. माझं काम ठरलं ते असं: सुरक्षित आहे का ते बघायचं, झिजलेलं नीट बसवायचं, आणि जुनं रूप बिघडू द्यायचं नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये घरातली बंदूक कुलपातच ठेवावी लागते, त्यामुळे पहिलं काम कपाटात जागा करण्याचं.

स्टीव्हन्सची फेव्हरिट. एकनळी, एकबारी, .२२ रिमफायर, म्हणजे बुडाची कड चेचून उडणाऱ्या काडतुसाची. नळी २२ इंच. मागचा भाग अष्टकोनी, पुढचा गोल. वजन साडेचार पौंडांच्या आतबाहेर, म्हणजे बारा वर्षांचं पोर दिवसभर रानात मिरवेल एवढंच. कंपनीनं ती पोरांसाठीच काढली होती.

नळीवरचा ठसा भिंगाखाली वाचता आला: ‘जे. स्टीव्हन्स ए. अँड टी. कं., चिकोपी फॉल्स, मास.’ आणि पेटंटची तारीख १७ एप्रिल १८९४. ए. अँड टी. म्हणजे आर्म्स अँड टूल. कंपनीचं हे नाव १८८६ ते १९१६ एवढ्या काळातलं. पुढे त्यातलं ‘टूल’ गळालं. १९१५ च्या सुधारित मॉडेलला पूर्ण गोल नळी आली, त्यामुळे ही त्याआधीची, १८९४ च्या घडणीची. इथल्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक ‘अँटिक’ धरतात. नुसत्या ठशावर तो दावा करता येत नाही, म्हणून कागदोपत्री हिला आधुनिक समजूनच वागवायचं.

चिकोपी फॉल्स इथून जवळच. जोशुआ स्टीव्हन्सनं तिथे १८६४ मध्ये कारखाना काढला. आज जगात सगळ्यात जास्त उडवलं जाणारं .२२ लाँग रायफल काडतूस १८८७ मध्ये आणलं ते याच कंपनीनं. नंतर याच लोकांनी स्टीव्हन्स-दुर्या नावाच्या मोटारी बनवल्या, आणि पहिल्या महायुद्धात वेस्टिंगहाउसनं कारखाना घेऊन तिथे रशियाच्या झारसाठी मोझिन-नागां रायफली केल्या. १९२० मध्ये तो सॅव्हेजकडे गेला. पोरांची रायफल, मोटार, झारची रायफल, सगळं एकाच गावातून. काकांना हे सांगायला हवं, त्यांना असल्या गोष्टी आवडतात.

१५ सप्टेंबर, रविवार

खोलली. फेव्हरिट दोन तुकड्यांत सुटते: खालचा कडीवाला मोठा स्क्रू बोटांनी सोडायचा, नळी सरळ पुढे ओढायची. नळीच्या बुडाला आटे नाहीत, गुळगुळीत दांडा आहे. तो बॉडीत सरकतो आणि स्क्रूचं टोक त्याला खालून धरून ठेवतं. हिचा दांडा अजून घट्ट बसतो. ही मोठी गोष्ट, कारण तो सैल झाला तर बाकी काहीही करा, नेम दर वेळी वेगळा पडतो.

बाकीचे स्क्रू मात्र हट्टी. खाचा अरुंद, उभ्या भिंतीच्या. बाजारातला निमुळत्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर लावला की खाचेच्या कडा उचकटल्याच समजा. जुन्या बंदुकांपैकी निम्म्या अशाच विद्रूप झालेल्या दिसतात. टोकं खाचेच्या मापानं घासून घेतली, तेल मुरायला रात्रभर ठेवलं, मग हलके ठोके देत काढले. सगळे सुटले, एकाचीही खाच उचकटली नाही.

आतली यंत्रणा बघून हसू येतं, इतकी थोडकी. एक ठोकळा, एक लिव्हर, दोघांना जोडणारी कडी, घोडा, चाप, स्प्रिंगा आणि काडतूस बाहेर काढणारा एक्स्ट्रॅक्टर. लिव्हर खाली ओढला की ठोकळा मागे झुकत खाली जातो. वर केला की कडी सरळ होते आणि ठोकळ्याला नळीच्या बुडाशी दाबून धरते. घोडा अंगठ्यानं पूर्ण मागे ओढायचा. मॅगझीन नाही, वेगळी सेफ्टी नाही. बार उडाल्यावरचा सगळा धक्का ठोकळ्यावर येतो, ठोकळ्याकडून पिनांवर. म्हणजे या रायफलीचं वय नळीत नाही, पिनांच्या भोकांत मोजायचं.

२१ सप्टेंबर, शनिवार

तेच मोजलं. लिव्हर बंद असताना ठोकळा अंगठ्यानं मागे दाबला की खट्कन हलतो. कडीची पिन एका अंगानं ०.००६ इंच झिजलेली, आणि कडीतलं भोक गोल राहिलेलं नाही, धक्क्याच्या दिशेनं लांबट झालंय.

रिमफायरमध्ये हे दुर्लक्षून चालत नाही. इथे काडतुसाच्या बुडात वेगळी प्रायमर टोपी नसते. पेटणारा मसाला पितळेच्या दुमडलेल्या कडेतच भरलेला असतो. फायरिंग पिन ती कड चेचते तेव्हा बार उडतो. कड चेचली जायची तर पितळ पातळच हवं, आणि पातळ पितळ आधाराशिवाय दाब सहन करत नाही. कड जास्तीत जास्त ०.०४३ इंच जाड. नळीचं बुड आणि ठोकळा यांच्यातली जागा त्याहून किंचितच जास्त असायला हवी. इथे ठोकळा मागे दाबून मोजली तर ०.०५६ निघाली. सहकाऱ्यानं ब्लँकेटबरोबर दिलेल्या डबीत जुनी उडवलेली टरफलं होती. त्यातल्या काहींची कड चक्क मागे फुगलेली.

संध्याकाळी काका आले. पिंपरी-चिंचवडच्या टूलरूममध्ये उमेदीची वर्षं घालवलेले. आता मुलाकडे इथेच असतात, आणि गॅरेजमध्ये छोटा लेथ आहे. त्यांनी पिनांकडे बघितलंसुद्धा नाही. नळी उजेडाकडे धरली, डोळा लावला, म्हणाले, “अरे, ही पार खाल्लीय. स्लीव्ह टाक, आतून नवी नळी बसव, आणि मोकळा हो. इंजिनाच्या ब्लॉकला टाकतो तशी.”

“टाकता येईल काका, पण आधी ठोकळा घट्ट होऊ द्या ना.”

“नळी वाकडी मारणार असेल तर ठोकळा घट्ट होऊन काय उपयोग?”

“नळी वाकडी मारते हे ठोकळा हलत असताना कळणार कसं?”

यावर त्यांनी चहा मागितला. म्हणजे अर्धी संमती.

२२ सप्टेंबर, रविवार

नळी. काका म्हणतात तशी ती खाल्लेली आहे हे खरंच. मधल्या भागात बारीक खड्ड्यांचा काळपट पट्टा. रायफलिंगचे आटे दिसतात, पण त्यांच्या कडा मऊ झाल्यात.

त्या काळातल्या .२२ ची ही सार्वत्रिक कथा. जुन्या प्रायमिंगमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. जळल्यावर त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं. मिठाचा सख्खा भाऊ, हवेतली ओल ओढून घेणारा. काळ्या दारूच्या दिवसांत निदान नळी काजळीनं भरायची आणि लोक पाण्यानं धुवायचे, तेव्हा मीठही वाहून जायचं. मग धूरविरहित दारू आली, नळी वरवर स्वच्छ दिसायला लागली, पोरं तेलाचं फडकं फिरवून मोकळी झाली. तेलात मीठ विरघळत नाही. ते खाली राहून लोखंड खात बसलं. रेमिंग्टननं १९२० च्या दशकात न गंजवणारं क्लीनबोअर प्रायमिंग आणलं, पण तोवर असंख्य नळ्यांची वाट लागली होती.

गरम पाणी, मग कोरडी फडकी, मग सॉल्व्हंट आणि पितळी ब्रश. निघालं ते शिसं राखाडी पापुद्र्यांनी. नंतर मऊ शिशाची गोळी तेल लावून नळीतून दाबून काढली. आट्यांच्या तळाशी माप ०.२२४ इंच. थोडी मोठी आहे, अजून उमेद सोडण्यासारखी नाही. गोळी सरकताना हाताला काय जाणवतं ते मापापेक्षा बोलकं: बुडाशी घट्ट, मधे ढिली, तोंडाकडचे शेवटचे चार-पाच इंच पुन्हा सारखी घट्ट. तोंडाजवळची जागा शाबूत असेल तर नळीचा बराच गुन्हा माफ होतो, कारण गोळीला शेवटची दिशा तिथेच मिळते.

२८ सप्टेंबर, शनिवार

चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती नळीच्या बुडातली जागा. भिंगाखाली दोन दुखणी.

पहिलं: नळीच्या बुडाच्या कडेवर, फायरिंग पिन जिथे पडते तिथे एक आत दबलेला व्रण. कुणीतरी रिकाम्या रायफलीचा चाप ओढत बसलं होतं, बहुतेक पिढ्यान्‌पिढ्या. काडतूस नसलं की पिन सरळ नळीवर आपटते आणि तिथलं लोखंड चेंबरच्या आत ढकललं जातं. मग टरफल अडकतं, एक्स्ट्रॅक्टर कड ओरबाडतो, आणि दोष एक्स्ट्रॅक्टरला मिळतो. यासाठी चेंबर आयर्न नावाची निमुळती, कडक सळई येते. ती आत दाबत फिरवली की आलेला उंचवटा परत जागेवर दाबला जातो. लोखंड खरवडायचं नाही, नाहीतर तिथे पितळेला आधारच राहत नाही. काम हळूहळू केलं. शेवटी काडतुसाची डमी आपल्या वजनानं आत गेली आणि आपल्या वजनानं बाहेर आली.

दुसरं: चेंबरमध्ये थोडं पुढे एक खरखरीत वेढा. लाँग रायफलच्या चेंबरमध्ये वर्षानुवर्षं आखूड .२२ शॉर्ट उडवली की त्या आखूड टरफलाच्या तोंडापुढचा भाग गरम वायूनं झिजतो. शॉर्ट स्वस्त पडायची, पोरांच्या खिशाला परवडायची. वेढा उथळ आहे, वर पॉलिश करून सोडून दिला.

५ ऑक्टोबर, शनिवार

काकांच्या गॅरेजमध्ये दिवस गेला. भोकं रीमरनं (भोक मापात कातणाऱ्या हत्यारानं) पुढच्या मापाला गोल केली, सिल्व्हर स्टीलच्या पिना वळल्या. बॉडीचं लोखंड मऊ आहे, रीमर लोण्यात गेल्यासारखा जातो, म्हणून मशीन नाहीच लावलं. हातानं, तेल घालत, दर थोड्या फिरवणीनंतर थांबून. ठोकळ्याचा आणि लिव्हरचा स्क्रूही थोडा जाड बनवावा लागला. आटे त्या काळच्या कारखान्याचे स्वतःचे, आजच्या कुठल्याच तक्त्यात बसत नाहीत. काकांनी जुन्या स्क्रूवरून गेज लावून पिच काढला, लेथवर एकच टूल घासून आटे पाडले, आणि शेवटच्या कटाला श्वास रोखून उभे राहिले. स्क्रू बॉडीत बोटांनी गेला, तळाशी जाताना हलका आवळला. ते काही बोलले नाहीत, नुसते फडक्याला हात पुसत राहिले.

आता मोजलं तर ०.०४५. अंगठ्यानं कितीही दाबा, खट् नाही.

फायरिंग पिनचं टोक बाजूनं चेपलं होतं; ते कानशीनं छिन्नीच्या तोंडासारखं गोलसर करून घेतलं, आणि ते नळीच्या बुडाला टेकणार नाही एवढंच बाहेर ठेवलं.

६ ऑक्टोबर, रविवार

रेंजवर. पहिले बार रायफल बाकावर बांधून, लांब दोरीनं चाप ओढून. टरफलं तपासली: कड सपाट, फुगवटा नाही, पिनचा ठसा स्वच्छ. मग खांद्याला लावली.

काडतूस साधं, ४० ग्रेनची गोळी, सेकंदाला साधारण १,०८० फूट वेगाचं. हाय व्हेलॉसिटीचा डबा कुणी देऊ केला तरी घ्यायचा नाही. पिना नव्या असल्या तरी त्यांना धरणारं लोखंड १९०० च्या आसपासचंच.

५० यार्डांवर, मूळच्या उघड्या साइटवर (नेम धरायच्या खाच-टोकावर), पाच बारांचा पुंजका अडीच इंचांच्या थोडा वर. सहकाऱ्याच्या आठवणीत ही रायफल ‘पिंप चुकवणारी’ होती. काकांना फोटो पाठवला. उत्तर आलं: ‘वाऱ्यामुळे.’

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

काकांकडे हत्यारांची पूजा. लेथला, व्हर्नियरला, मायक्रोमीटरच्या पेटीला हळद-कुंकू. रायफलीपाशी फक्त झेंडूचं फूल ठेवू दिलं. ओलं कुंकू लोखंडावर रात्रभर राहिलं तर उद्या मलाच घासायचं.

दुपारी गंज. लाल गंजाच्या जागा डिस्टिल्ड वॉटरमध्ये उकळल्या. लाल गंजाचं काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होतं, मग बारीक स्टील वूलनं हलकं पुसलं की खालची तपकिरी छटा तशीच राहते. बॉडीवर हाडाच्या कोळशात कडक केलेल्या लोखंडाचे निळे-करडे रंग घोड्याच्या सावलीत थोडे उरलेत. त्यांना हात लावला नाही. पुन्हा निळं पॉलिश चढवून चकचकीत केलेली जुनी रायफल मला तरी बघवत नाही. दस्त्याच्या मानेत तेल मुरून लाकूड काळं पडलंय. खडूच्या भुकटीचा लेप लावून ठेवलाय, जेवढं ओढेल तेवढं ओढेल.

१९ ऑक्टोबर, शनिवार

साइट. खरं तर या कामाकडे मी पहिल्यापासून डोळा लावून होतो.

मूळ मागची साइट नळीवर, व्ही खाचेची. उंची बदलण्याची पायऱ्यांची पट्टी हरवलेली, तिच्या जागी कुणीतरी पत्र्याची घडी खुपसलेली. पुढे पातळ पात्याची माशी, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेलं नेम धरायचं टोक. एनसीसीत .२२ उडवताना उस्ताद ओरडायचे, “फोरसाइटचं टोक बघ, टारगेट धूसर दिसू दे!” सोळाव्या वर्षी ते जमायचं. आता खाच धूसर, टारगेट धूसर आणि माशीही हवी तेव्हाच नीट. डोळ्याला एका वेळी तीन अंतरं सांभाळायला लावणारी ही व्यवस्था तरुणांसाठीच.

उपाय जुनाच. कनेक्टिकटमधल्या मिडलफील्डच्या विल्यम लायमननं १८७९ मध्ये टँग साइटचं पेटंट घेतलं. दस्त्याच्या मानेवर, डोळ्याजवळ, दुमडणारा एक दांडा आणि त्यावर भोक. आधीच्या भोकाच्या साइट बारीक भोक आणि जाड चकतीच्या असत; टारगेटवर ठीक, पण उजेड उतरला की आंधळ्या. लायमननं भोक मोठं केलं आणि कड पातळ. त्यातून बघताना भोकाकडे लक्ष द्यायचंच नाही. डोळा आपोआप माशीला मध्यावर आणतो, कारण उजेड तिथे सगळ्यात जास्त असतो. शिवाय भोकामुळे माशी आणि टारगेट दोन्ही बऱ्यापैकी रेखीव दिसतात. पन्नाशीकडे झुकलेल्या डोळ्यांना चष्म्याच्या नव्या नंबरपेक्षा हे लाभतं.

जुन्या सुट्या भागांच्या विक्रेत्याकडून फेव्हरिटसाठीचीच लायमन मिळाली. हे महत्त्वाचं, कारण बुडाची पट्टी प्रत्येक रायफलच्या मानेच्या उतारानुसार वेगळी असते; कंपनी बुडावर त्यासाठी अक्षरांचा कोड ठोकायची. मानेवरचे दोन भरणीचे स्क्रू काढले, आत आटे शाबूत. बसवून तीन गोष्टी बघितल्या. घोडा पूर्ण मागे ओढला तरी त्याची शेपटी दांड्याला लागता कामा नये: नखभर फट आहे. दुमडल्यावर अंगठ्याच्या आड येता कामा नये. आणि दांडा ओळंब्यात हवा. तो बाजूला कलला असेल तर उंची वाढवताना गोळी वरही जाते आणि तिरकीही. बॉडी लेव्हलवर धरून ओळंबा सोडला; डाव्या बाजूला केसभर कल होता, पट्टीखाली पितळेचा पातळ शिम घातला.

पुढे पातं काढून बीच कॉम्बिनेशन साइट घातली. एका बाजूला वळवली की टोपीच्या आत टाचणीच्या डोक्याएवढा मणी, टारगेटसाठी. दुसऱ्या बाजूला वळवली की उघडी माशी, डबे उडवायला. डव्हटेलमधून (साइट बसते त्या तिरक्या भिंतींच्या खाचेतून) साइट डावीकडून उजवीकडे ठोकून काढायची आणि उजवीकडून घालायची ही इकडची रीत, पितळी पंचनं. नळीवरची व्ही खाच काढून जागेवर कोरी पट्टी बसवली. टँग साइटमधून बघताना मधे खाच नुसती लुडबुड करते.

हिशेब वहीत लिहून ठेवतो, दर वेळी शोधायला नको. आधीच्या दोन साइटमधलं अंतर १६ इंच होतं, आता २७. ५० यार्ड म्हणजे १,८०० इंच. साइट ०.०१५ इंच सरकवली तर आधी गोळी जवळपास पावणेदोन इंच सरकायची, आता बरोबर एक इंच. नेम धरण्यातली चूकही त्याच प्रमाणात घटते. या मागच्या साइटला डावी-उजवी हालचाल नाही, फक्त उंचीची खरबरीत बाही आहे. बाजूची दुरुस्ती माशीवरच, आणि ती चुकीच्या दिशेनं: गोळ्या डावीकडे पडत असतील तर माशीही डावीकडे.

२७ ऑक्टोबर, रविवार

गोळ्या दोन इंच डावीकडे. म्हणजे माशी ०.०३० डावीकडे. कॅलिपर लावून, ठोका, माप, ठोका, माप. पुढचा पुंजका मध्यावर.

पाच बारांत सव्वा इंचाच्या आसपास, ५० यार्डांवर, वाळूच्या पिशवीवरून. नळी तीच, खड्डे तेच. पन्नासेक बार झाल्यावर मात्र पुंजका पसरायला लागतो. मधल्या खडबडीत भागात शिसं धरतं. ब्रश फिरवला की पुन्हा जागेवर. अशी नळी स्पर्धेत नेणार नाही, पण पिंप चुकवण्याचा आळ तिच्यावरून उतरला. दोष पिनांचा होता, साइटचा होता, आणि शिव्या नळीला पडत होत्या.

या वेळी काका बरोबर होते. त्यांनीही बार काढले, मण्याकडे बघून म्हणाले, “हे दिसतंय की रे मला.” चष्मा खिशात होता.

९ नोव्हेंबर, शनिवार

सहकारी घेऊन गेला. पिशवीत फराळ आणि एक कागद: साधा वेग, हाय व्हेलॉसिटी नाही, रिकामी असताना चाप ओढायचा नाही, पन्नास बारांनी ब्रश, नळीचा कडीवाला स्क्रू दर वेळी तपासायचा. जुन्या पिना, पत्र्याची घडी, मूळ पातं आणि व्ही साइट वेगळ्या पाकिटात, नाव लिहून. पुढे कुणाला मूळ रूपात न्यायची असेल तर न्यावी.

स्लीव्हचं ड्रिल मात्र काकांनी मागवलंच होतं. ते वाया जाणार नाही. त्याच सहकाऱ्याच्या चुलतभावाकडे आणखी एक फेव्हरिट आहे, .२५ स्टीव्हन्स रिमफायरची. ते काडतूस दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बनायचं बंद झालं. तिथे पिना कितीही घट्ट केल्या तरी नळीत घालायला काही नाही; .२२ ची स्लीव्ह हाच मार्ग, आणि जोडीला ठोकळ्यातली फायरिंग पिन .२२ च्या कडेवर पडेल अशी बसवणं. काकांना सांगितलं. त्यांनी आधी पिनांची भोकं मोजायला कॅलिपर काढला.